वाढलेला आंबा

“मेलेल्या झाडाची राखण कशाला करायची, आक्का?”

आक्का चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मग दाराबाहेर पाहिलं. मठाच्या दारातून समोर ठाणाई देवीची राई दिसते.

“कोण मेलंय?”

“तो आंबा हो. राईच्या तोंडाशी आडवा पडलाय तो. किती पावसाळे झाले, नुसता कुजतोय. परवा देवीचा भंडारा. पंगत बसायला सपाट जागा तेवढी एकच, आणि तिच्या मधोमध हे धूड. लोकांनी बसायचं कुठं?”

आक्कांनी भाकरी उलटली.

“त्याचं करायचं काय, ते तरी सांगा.” चिदंबरने आपला हेका सोडला नाही.

“काय करायचं त्येचं?... वाढलाय त्यो.”

चिदंबरचा चेहरा एकदम उजळला.

“वाढलाय ना? मग झालं तर!”

पडत्या फळाची आज्ञा समजून त्याने वाकून नमस्कार केला आणि ताडताड बाहेर पडला. भाकरी फुगून वर आली होती. ती बघायलासुद्धा थांबला नाही.

आता चिदंबरविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

माणूस वाईट नव्हता. पुण्यात एका मोठ्या हॉटेलचा तो व्यवस्थापक होता, आणि व्यवस्था म्हणजे काय हे त्याच्याकडून शिकावं. त्याच्या हॉटेलात गिऱ्हाइकाने शेवटचा घास तोंडात घातला की ताट उचललेलं असे. दारात लोक ताटकळत उभे असताना कुणी रिकाम्या ताटापुढे गप्पा मारत बसलेलं त्याला खपत नसे. पोरांना त्याने तसं तयारच केलं होतं. पुढे एके दिवशी त्याला या सगळ्याचा वीट आला. कुणीतरी आंबेखोलच्या आक्कांचं नाव सांगितलं, आणि तो घाट चढून इथे येऊन राहिला.

आक्का म्हणजे कोण? जुन्या महाराजांच्या शिष्या. महाराज गेल्यावर लोकांनी त्यांना गादीवर बसवलं. आक्कांनी ती गादी उन्हात घातली, चांगली झटकली आणि पाहुण्यांना अंथरायला देऊन टाकली. त्या प्रवचन करत नाहीत. रांधतात आणि वाढतात. शिकलेले लोक मोठमोठे प्रश्न घेऊन येतात, पोटभर जेवून परत जातात. काहींना वाटेत उत्तर सापडतं म्हणे. ज्यांना सापडत नाही तेही जेवणाला नावं ठेवत नाहीत.

चिदंबरला मात्र जेवणावर समाधान नव्हतं. त्याला अनुग्रह हवा होता. आक्कांनी कानात मंत्र द्यावा, डोक्यावर हात ठेवावा आणि चारचौघांत म्हणावं, हा माझा शिष्य. मग त्याने चार गावांत जावं, लोकांशी बोलावं, लोकांनी त्याचं ऐकावं. आल्याच्या महिन्यातच त्याने विचारून टाकलं होतं. आक्का म्हणाल्या होत्या, “बघू.”

तेव्हापासून चिदंबर झटत होता. मठातल्या चपला ओळीने लागल्या. सरपण लहान-मोठं वेगळं झालं. हंड्यांवर झाकणं आली. आक्का प्रत्येक गोष्टीला “बरं झालं” म्हणत, आणि त्या “बरं झालं”त अनुग्रहाची चाहूल लागते का, हे तो रोज कान देऊन ऐके. या भंडाऱ्याला तरी आक्का नाही म्हणणार नाहीत, अशी त्याने मनाशी खूणगाठ बांधली होती. फक्त पंगत झकास झाली पाहिजे.

राहिला तो ‘वाढण्या’चा घोटाळा.

चिदंबर लहानपणापासून वसतिगृहात राहिलेला. घरच्या स्वयंपाकघरातली भाषा त्याच्या कानांवरून कधी गेलीच नव्हती. तो मठात नवा होता तेव्हा एका सकाळी आक्का आतून म्हणाल्या, “चिदू, तांदूळ वाढले रं.” याला वाटलं, तांदूळ जास्त झाले. नेमका एक गोसावी दारात उभा. चिदंबरने मोठ्या उदार मनाने डब्यातले उरलेसुरले तांदूळ त्याच्या झोळीत घातले. दुपारी दहा-बारा पाहुणे पानावर बसले, आणि चुलीवर आधणाचं पाणी नुसतंच उकळत होतं. त्या दिवशी सगळा मठ नाचणीची आंबील पिऊन झोपला.

मग राईतल्या देवीचे गुरव, धोंडीराम, यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. घरात ‘संपलं’ म्हणत नाहीत. तांदूळ वाढतात, मीठ वाढतं. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. देवापुढे नारळ वाढवतात. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं.

चिदंबरने कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून तो या शब्दाला फसला नाही. उलट, नव्या पाहुण्यांना तोच हे समजावून सांगू लागला, आणि सांगताना त्याची मान किंचित ताठ होई.

त्यामुळे आंबा वाढलाय, म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राईच्या तोंडाशी ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. पलीकडच्या गावचा रावजी यंत्राची करवत घेऊन आला. धोंडीराम गुरव देवीची पूजा अर्धवट टाकून धावत आले.

“महाराज, ह्ये काय? राईतली वाळकी काडीबी कुणी उचलत न्हाई. देवीची हाय ती.”

“गुरवकाका, आक्कांना विचारलंय मी.”

“मग?”

“म्हणाल्या, आंबा वाढलाय.”

धोंडीरामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

“आक्का म्हणल्या आसतील तर...” ते एका बाजूला जाऊन उभे राहिले. पण त्यांना ते पटलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

करवत घरघरली. रावजीने शेंड्याकडून सुरुवात केली. पात्याला जोर असा लावावाच लागला नाही. आंबा आतून पार भुसभुशीत झाला होता. ओला, तपकिरी भुगा भसाभस बाहेर आला आणि एक ओंडका सुटून बाजूला कलंडला. त्याबरोबर भुग्यातून काहीतरी पांढरं जमिनीवर पडलं. अंगठ्याएवढं जाड, अर्ध्या बांगडीसारखं वाकलेलं, आणि जिवंत.

“हुमणी!” रावजी ओरडला. मागच्या साली हुमणीने त्याच्या उसाची मुळं कुरतडून अर्धा फड आडवा केला होता. त्याने पाय उचलला.

“थांब!”

हे चिदंबर ओरडला. आपण का ओरडलो, ते त्याला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं.

उन्हाळ्याच्या अखेरीला कीटकांचा अभ्यास करणारी एक मुलगी मठात राहून गेली होती. कोल्हापूरची. तिच्यासाठी गरम पाण्याची, अंथरुणाची सोय चिदंबरनेच केली होती. ती एका भुंगेऱ्याच्या मागे सगळा घाट फिरत होती. चकचकीत काळपट-तांबड्या पाठीचा, तोंडापुढे दोन शिंगं असलेला भुंगेरा. गावात त्याला ‘देवीचा रेडा’ म्हणतात. पूर्वी तो आसपासच्या सगळ्या रायांमध्ये असायचा. मग खालच्या राईचं सुशोभीकरण झालं. फरशी आली, बाकडी आली, पडकी झाडं हलवली. नदीपलीकडच्या राईतही तेच झालं. दोन्हीकडे रेडा पुन्हा कुणाला दिसला नाही. तिला तो सापडला फक्त ठाणाईच्या राईत, आणि ती लहान पोरीसारखी नाचत मठात आली होती. तिने चिदंबरला चित्रं दाखवली होती, अळीचंसुद्धा. म्हणाली होती, याची अळी वर्षानुवर्षं जुन्या पडलेल्या लाकडात राहते. तेच तिचं घर आणि तेच अन्न. चिदंबर “वा, छान” म्हणाला होता आणि पाणी तापलं का ते बघायला गेला होता.

“ही हुमणी नाही,” तो आता म्हणाला. “देवीचा रेडा आहे. याचं पिल्लू.”

धोंडीराम पुढे होऊन उकिडवे बसले. रावजीने करवत बंद केली. राईत अचानक इतकी शांतता झाली की सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

पण चिदंबर हॉटेल चालवलेला माणूस. अडचण आली की मार्ग काढायचा, हे त्याच्या हाडात भिनलं होतं.

“बादली आणा,” तो म्हणाला. “खाली भुगा घालू. सापडतील तेवढे गोळा करू आणि मठामागे फणसाखाली नेऊन ठेवू. त्यांना काय, लाकूड मिळाल्याशी कारण. इथली जागा मोकळी होईल आणि तेही वाचतील.”

त्याने स्वतःच ओंडका चाचपून एक एक अळी अलगद काढली आणि बादलीत ठेवली. दोन्ही साधलं, असं त्याला वाटलं. आक्कांचा शब्द राहिला आणि जीवही वाचले. त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. ते वाटायला नको होतं, पण वाटलं खरं.

“चालू कर रे.”

रावजीने करवतीच्या दोरीला हात घातला, आणि तेवढ्यात पायवाटेवरून आक्का येताना दिसल्या. कमरेवर बुट्टी, बुट्टीवर धुवट फडकं.

“चिदू, सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या. बस.”

“आक्का, काम चाललंय. एवढं झालं की...”

“बस.”

आक्कांच्या ‘बस’पुढे कुणाचं चालत नसे. तिथेच, आंब्याच्या बुंध्याशी, चिदंबरने मांडी घातली. आक्कांनी त्याच्यापुढे पत्रावळ मांडली, पाण्याचा हात फिरवला. गरम भाकरी. पावट्याची उसळ. लसणीची चटणी, आणि तिच्यावर तेलाची धार. वास नाकात गेला आणि आपल्याला किती भूक लागलीय ते चिदंबरला कळलं. त्याने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा मोडला...

आक्का वाकल्या. त्यांनी पत्रावळीच्या दोन्ही कडा धरल्या आणि पान उचललं.

चिदंबरचा घास हातात राहिला.

भरल्या पानावरून माणसाला उठवू नये, हे वैऱ्याच्या घरीसुद्धा पाळतात. रावजीने मान खाली घातली. धोंडीराम दुसरीकडे बघू लागले.

“आक्का! अहो, जेवतोय मी अजून!”

“जेवतोयस व्हय?” आक्का पान हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “मला वाटलं, वाढलं.”

“वाढलंच आहे की! आत्ता तुम्हीच तर वाढलंत! आणि माणूस जेवत असताना...”

तो आंब्याकडे बघत राहिला. कापलेल्या तोंडातून भुगा अजून हळूहळू गळत होता. बुंध्यावर अळंबी उगवली होती, मुंग्यांची रांग चालली होती, खालच्या ओलीत एक गोम सावकाश आत शिरत होती. हे सगळं तो गेले कित्येक महिने रोज बघत होता, आणि रोज त्याला ते घाण वाटत आलं होतं.

मग त्याने बादलीकडे पाहिलं.

...

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली म्हणून आलं, आणि ती लपवावी असंही त्याला वाटलं नाही.

तो उठला. हात न धुताच बादली उचलून आंब्यापाशी गेला. एक एक अळी त्याने पुन्हा ओल्या भुग्यात खोल ठेवली, वरून भुगा सारला. कापलेला ओंडका धोंडीरामांच्या मदतीने ढकलत आणला आणि त्याच्या जागी बुंध्याला भिडवून लावला. फटीत पालापाचोळा भरला. आंबा काही पहिल्यासारखा झाला नाही, पण तोंड झाकलं गेलं.

“म्हंजे कापायचा न्हाई?” रावजीने विचारलं.

“नाही.”

“मग पंगत?”

“बसेल कुठेतरी.”

रावजीने ट्रॅक्टर वळवला. रिकामा ट्रॅक्टर खडखडत उतरणीला लागला आणि राई पुन्हा आपल्या आवाजात बोलू लागली.

चिदंबर हात धुऊन परत मांडी घालून बसला. आक्कांनी तेच पान त्याच्यापुढे ठेवलं. भाकरी गार झाली होती, उसळीवर तेलाचा तवंग धरला होता. त्याने सावकाश जेवण केलं आणि पानात काही टाकलं नाही. इतकं चवीने आपण कधी जेवलो होतो, ते त्याला आठवेना.

आक्कांनी फक्त एकदा चटणी पुढे केली.

भंडारा झाला. आंबा होता तिथेच होता, आणि पंगत त्याला वळसा घालून बसली. सरळ रेघेत पंगत बसवायची चिदंबरची हौस त्या दिवशी फिटली नाही. एक ओळ बुंध्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि शेंड्यापाशी दोन्ही ओळी अशा काही गुंतल्या की वाढप्यांना कुठून आत शिरावं ते कळेना. म्हाताऱ्याकोताऱ्यांची मात्र चंगळ झाली. त्यांनी बुंध्याला पाठी टेकल्या आणि पाय पसरले. सरपंचांनी आधी कुरकुर केली. मग टेकायला जागा मिळाल्यावर तेही खुशीत येऊन दुसऱ्यांदा खीर मागू लागले.

चिदंबर खिरीची बादली घेऊन फिरत होता. जागा कमी, माणसं उदंड. एक पंगत उठायची वाट बघत दुसरी उभी. एका आजीबाईंना दात नव्हते. त्या भाकरीचा एकेक तुकडा आमटीत बुडवून चघळत होत्या. त्यांची सबंध ओळ त्यांच्यासाठी थांबून राहिली होती. उभे असलेले लोक चुळबुळ करू लागले. त्यातला एक चिदंबरला म्हणाला, “महाराज, जरा आवरा की त्यांना.”

“जेवतायत त्या,” चिदंबर म्हणाला. त्याने आजीबाईंपुढे बसून त्यांच्या द्रोणात आणखी थोडी खीर घातली. त्याला कसलीच घाई वाटत नव्हती. आपल्याला घाई वाटत नाही, हेही त्याच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

उन्हं कलायला आली तेव्हा शेवटची पंगत उठली. गाव पांगलं. धोंडीराम देवीपुढची रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून कुत्र्याला हाकलत होते. चिदंबर आणि आक्का तेवढे जेवायचे राहिले होते. दोघं बुंध्याशी बसून जेवले. उरलेली खीर दोघांना पुरून उरली.

जेवण झाल्यावर चिदंबरने सहज आंब्याला कान लावला.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग अगदी आत, खोलवर... कुर्र... थांबून पुन्हा, कुर्र... कुणीतरी आपल्या पानावर निवांत बसलं होतं.

त्याला हसू आलं. त्याने आक्कांना खुणेने जवळ बोलावलं. आक्कांनीही कान लावला. दोघं बराच वेळ तशीच बसली, एक इकडून, एक तिकडून.

“हा बाहेर कधी येणार, आक्का?”

“यील.”

“ती मुलगी म्हणत होती, वर्षं लागतात. सगळा काळ असा आत, अंधारात. खायचं आणि वाढायचं. बाहेर येऊन मिरवायचं ते जेमतेम काही आठवडे.”

“व्हय.”

...

अनुग्रहाचं नाव आज काढायचंच नाही, असं चिदंबरने सकाळपासून ठरवलं होतं. दिवसभर त्याची आठवणही झाली नव्हती. पण आता पोट भरलं होतं, वारा सुटला होता, आक्का शेजारी होत्या, आणि शेवटी माणूसच तो. त्याने लाकडावरचा कान न काढताच विचारलं,

“आणि मी, आक्का? मी कधी बाहेर यायचं?”

आक्का उठल्या. त्यांनी दोघांच्या पत्रावळी गोळा केल्या, एकात एक घातल्या. मग त्याच्याकडे बघून मायेने हसल्या.

“तू आजून आत कुटं गेलायस?”